परक्या यंत्रावरची मराठी: संकलित लायब्रऱ्यांच्या स्थलांतराविषयी

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना वारंवार लागणारी कामे एकदाच लिहून, तपासून आणि एकत्र बांधून ठेवलेला कोडचा संच होय. अक्षरे पडद्यावर मांडणे, चित्राची फाइल उलगडणे, समीकरणे सोडवणे, नावांची क्रमवारी लावणे ही कामे प्रत्येक प्रोग्रॅमर नव्याने लिहीत बसत नाही. ती तो कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेल्या आणि तेव्हापासून अनेक हातांनी सुधारलेल्या लायब्ररीवर सोपवतो. यांपैकी बहुतेक मोठ्या लायब्रऱ्या सी, सी प्लस प्लस किंवा फोर्ट्रान या भाषांत लिहिलेल्या असून, माणसाला वाचता येणारा कोड यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा कंपायलर त्यांचे एका विशिष्ट प्रोसेसरसाठी व एका विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी संकलन करतो. फाइल मागितली की डिस्कवरून मिळेल, स्मृती मागितली की पुरवली जाईल, उत्तर यायला वेळ लागला तर थांबून राहता येईल, चुकीच्या पत्त्याला हात लावला तर यंत्रणा प्रोग्रॅम तिथेच बंद पाडेल, अशी कितीतरी गृहीतके अशा संकलित लायब्ररीच्या हाडामांसात असतात. ती कोठेही लिहून ठेवलेली नसतात, कारण लिहिणाऱ्याला ती गृहीतके आहेत हे जाणवण्याचे काही कारणच नव्हते.

रनटाइम म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना त्याला स्मृती, वेळ, फाइली, पडदा अशा सेवा पुरवणारी यंत्रणा. त्यांतील काही सेवा मुद्दाम किंवा नाइलाजाने काढून घेतलेल्या असतील तर ती बंदिस्त यंत्रणा ठरते. वेब ब्राउझर मुद्दाम बंदिस्त आहे, कारण अनोळखी संकेतस्थळावरून आलेल्या कोडला वापरणाऱ्याच्या फाइलींपर्यंत पोहोचू देणे धोक्याचे असते; स्वस्त फोन नाइलाजाने बंदिस्त आहे, कारण त्यात स्मृतीच थोडी असते. मूळ लायब्ररी अशा जागी नेऊन पुन्हा कामाला लावणे याला पोर्टिंग म्हणतात. या विषयावरील बहुतेक लेखन कंपायलरला कोणते पर्याय द्यावेत येथपर्यंत येऊन थांबते. प्रस्तुत प्रस्तावनेचे म्हणणे वेगळे आहे. पोर्टिंगमध्ये हलवला जातो तो कोड, परंतु कसोटी लागते ती त्याच्या गृहीतकांची. आणि नव्या जागेत सगळे सामान मावत नाही असे दिसले की काय मागे ठेवायचे याचा जो निर्णय होतो, त्याचा भार मराठीसारख्या भाषांवर सर्वांत आधी पडतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिने परम ८००० हा समांतर महासंगणक सादर केला. या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे; त्यांचे अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत झाले. परमच्या यशाची कथा मराठी वाचकाला यंत्राची कथा म्हणून ठाऊक आहे. त्या यंत्रावर प्रोग्रॅम नेण्याच्या कष्टांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि वस्तुतः तीच अधिक शिकवणारी आहे.

परम ८००० मध्ये ब्रिस्टल येथील इनमॉस या कंपनीचे ट्रान्स्प्युटर वापरले होते. ट्रान्स्प्युटर म्हणजे गणन आणि दळणवळण ही दोन्ही कामे एकाच चिपवर करणारा प्रोसेसर. त्याच्या टी-८०० या प्रकारात दशांश संख्यांचे गणित करणारा भाग, चार किलोबाइट अंतर्गत स्मृती आणि शेजारच्या प्रोसेसरशी बोलण्यासाठी चार दुवे होते. पण आभासी स्मृती नव्हती, एका प्रोग्रॅमपासून दुसऱ्याचे रक्षण करणारी स्मृतिव्यवस्था नव्हती, आणि एका प्रोसेसरला दुसऱ्याची स्मृती थेट वाचता येत नव्हती. त्या काळातील शास्त्रीय गणनाच्या फोर्ट्रान लायब्रऱ्या मात्र सगळा आकडेसंच एकाच सलग स्मृतीत आहे असे मानून लिहिल्या गेल्या होत्या. एखादे मोठे कोष्टक अनेक प्रोसेसरांत वाटायचे झाले तर कोणता तुकडा कोणाकडे राहील, कडेचे आकडे शेजाऱ्याला केव्हा पाठवायचे आणि तो पाठवेपर्यंत कोणी थांबायचे, हे सर्व नव्याने ठरवावे लागे. कोडातील एकही सूत्र चुकीचे नसताना संपूर्ण लायब्ररीची रचना बदलावी लागे, ती एवढ्याचसाठी की तिच्या मुळाशी असलेले ‘स्मृती एकच आहे’ हे न लिहिलेले वाक्य नव्या यंत्रावर खरे राहिले नव्हते.

याच काळातील आणखी एक गोष्ट आजच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ट्रान्स्प्युटर-प्रणालींत गणन करणाऱ्या प्रोसेसरांना डिस्क नसे. फाइल उघडण्याची विनंती दुव्यावरून यजमान संगणकाकडे जाई, तिथे चालणारा एक सेवक-प्रोग्रॅम ती पुरी करी आणि उत्तर परत पाठवी. आज ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संकलित कोडची स्थिती तत्त्वतः हीच आहे. त्याला स्वतःचे असे काहीच नसते. जे हवे ते यजमानाकडे मागावे लागते आणि यजमान देईल तेवढेच मिळते. मधल्या काळात यंत्रांची शक्ती कितीतरी पटींनी वाढली, परंतु पोर्टिंग करणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न बदललेला नाही.

ब्राउझरात संकलित कोड चालवण्याचे प्रयत्न दीर्घकाळ होत आले. अलोन झकाई यांनी २०१० साली मोझिलात एमस्क्रिप्टेन या प्रकल्पाला आरंभ केला, ज्यामुळे सी आणि सी प्लस प्लस मधील कोड जावास्क्रिप्टमध्ये उतरवता येऊ लागला. २०१३ साली त्याच कल्पनेला एएसएम-जेएस हे काटेकोर रूप मिळाले. आणि २०१७ साली चारही प्रमुख ब्राउझरांत वेबअसेंब्ली आली. वेबअसेंब्ली म्हणजे कोणत्याही प्रत्यक्ष प्रोसेसरची नसलेली, पण कोणत्याही प्रोसेसरवर वेगाने उतरवता येणारी आज्ञावली. डिसेंबर २०१९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली.

वेबअसेंब्लीत स्मृती म्हणजे शून्यापासून सुरू होणारी बाइटांची एक सलग ओळ असते. ती ६४ किलोबाइटांच्या पानांनी वाढते, नेहमीच्या ३२-बिटी रूपात चार गिगाबाइटांपलीकडे जात नाही, आणि एकदा वाढली की पुन्हा आखडत नाही. सी भाषेत लिहिणारा ‘काहीच नाही’ हे सांगण्यासाठी शून्य हा पत्ता वापरतो, आणि नेहमीच्या संगणकावर चुकून त्या पत्त्यावरून वाचायचा प्रयत्न झाला तर प्रोग्रॅम तत्काळ कोसळतो. वेबअसेंब्लीत शून्य हाही एक वैध पत्ता आहे. तिथून वाचले तर काहीतरी मिळते, प्रोग्रॅम पुढे चालत राहतो, आणि चूक कुठेतरी दूरवर, भलत्याच रूपात उघडी पडते. कोसळणे हीदेखील यंत्रणेने पुरवलेली एक सेवा असते आणि कित्येक जुन्या लायब्रऱ्यांची शिस्त तिच्या धाकावर टिकून असते. ती काढून घेतल्यावर पोर्टिंग करणाऱ्याला स्वतःचे पहारे बसवावे लागतात.

काही बाबतींत मात्र वेबअसेंब्ली मूळ यंत्रापेक्षा अधिक कडक आहे. फंक्शनचा पत्ता जपून ठेवून नंतर त्यामार्फत ते फंक्शन बोलावणे ही सी मधील सर्वसामान्य पद्धत होय. अशा वेळी किती आणि कोणत्या प्रकारच्या किमती द्यायच्या, उत्तर येणार की नाही, याबाबत बोलावणारा आणि बोलावलेले यांचे एकमत नसले तरी नेहमीचा प्रोसेसर बहुधा निभावून नेतो. वेबअसेंब्ली मात्र दोघांचा करार तंतोतंत जुळतो का ते दर वेळी तपासते आणि जुळला नाही तर काम थांबवते. पायोडाइड या प्रकल्पाने हा अनुभव विस्ताराने घेतला आहे. पायथन भाषेचा संपूर्ण दुभाषी आणि तिच्या शास्त्रीय लायब्रऱ्या ब्राउझरात चालवण्याचा हा प्रकल्प २०१८ साली मोझिलात सुरू झाला. त्यातील सायपाय या लायब्ररीच्या पोटात दशकांपूर्वीचा फोर्ट्रान कोड आहे, आणि वेबअसेंब्लीसाठी भरवशाचा फोर्ट्रान कंपायलर हाताशी नसल्याने तो आधी एफ-टू-सी या जुन्या साधनाने सी मध्ये उतरवावा लागला. त्या रूपांतरात फोर्ट्रानची उत्तर न देणारी सबरूटीन सी मध्ये एक पूर्णांक परत करणारे फंक्शन बनते, तर तिला बोलावणारा कोड काहीच परत येणार नाही असे समजून चालतो. एरवी कोणाच्या ध्यानातही न येणारी ही विसंगती वेबअसेंब्लीने चव्हाट्यावर आणली आणि असे करार एकेक करून जुळवून घ्यावे लागले. बंदिस्त यंत्रणा अशा रीतीने मूळ लायब्ररीचे दोष दाखवते आणि ते दुरुस्त झाल्याने मूळ लायब्ररीही सुधारते, ही या कामाची एक मोठी जमेची बाजू आहे.

फाइलींचा प्रश्न त्या मानाने सोपा. एमस्क्रिप्टेन स्मृतीतच एक तात्पुरती फाइलव्यवस्था उभी करते आणि बहुतेक लायब्रऱ्या तिच्यावर समाधान मानतात. थांबून राहण्याचा प्रश्न कठीण आहे, कारण ब्राउझरच्या मुख्य धाग्याने, म्हणजे पानाचे काम ओळीने करणाऱ्या मुख्य थ्रेडने, थांबायचे म्हणजे संपूर्ण पान गोठायचे. म्हणून कोडची अर्धवट स्थिती बाजूला ठेवून नंतर तिथूनच पुढे चालू करण्याची युक्ती कंपायलरला करावी लागते आणि तिने कोड फुगतो. अनेक धाग्यांनी एकच स्मृती वाटून घेण्याची सोय जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधील सुरक्षात्रुटी उघड झाल्यावर ब्राउझरांनी बंद केली आणि पुढे कडक अटींवर परत दिली. मूळ लायब्ररीच्या कोडात एक अक्षरही न बदलता तिच्या पायाखालची जमीन अशी बदलू शकते.

आता मराठीकडे वळले पाहिजे. पडद्यावर मराठी दिसावी, तिच्या याद्या लागाव्यात, छापील पान वाचले जावे, यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजक्या लायब्रऱ्या आहेत आणि त्या सगळ्या संकलित आहेत. देवनागरीत साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नसतो. ‘स्थिती’ या शब्दात पहिली ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते ती ‘थ’ नंतर, पण दिसली पाहिजे ‘स्थ’ या संपूर्ण जोडाक्षराच्या आधी. ‘मार्मिक’ मध्ये आधी साठवलेला ‘र’ नंतरच्या अक्षरावर रफार होऊन बसला पाहिजे. ही मांडणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस या सर्वांच्या पोटात आहे. ती अक्षरे रंगवत नाही. फॉन्ट आणि मजकूर दिला की कोणती आकृती कुठे ठेवायची एवढेच सांगते, आणि युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीविषयीची माहितीही हवी तर यजमानाकडून मागून घेते. गृहीतके इतकी कमी ठेवल्यामुळेच ती वेबअसेंब्लीत फारशा त्रासाविना जाते, आणि पोर्टिंगजोगी लायब्ररी कशी लिहावी याचा तिच्याइतका चांगला वस्तुपाठ क्वचितच सापडेल.

तरीही मराठी मोडलेली दिसते, कारण पुष्कळदा ती लायब्ररी सोबत नेलीच जात नाही. सामान्य पानावरचा मजकूर ब्राउझर स्वतः मांडतो, परंतु जो प्रोग्रॅम स्वतःच पडद्यावर रेखाटन करतो किंवा पीडीएफ तयार करतो, त्याला मांडणीची लायब्ररी आपल्याबरोबर आणावी लागते. लॅटिन लिपीला ती जवळजवळ लागत नसल्याने प्रोग्रॅमचे आकारमान कमी करू पाहणारा पहिला हात तिच्यावर पडतो. मग पावती किंवा प्रमाणपत्र बाहेर पडते ते जोडाक्षरे सुटून पाय मोडलेले, वेलांट्या भलत्या जागी गेलेले.

याहून सूक्ष्म अडचण अशी की देवनागरी चालते हे बहुधा हिंदीच्या मजकुरावरून तपासले जाते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे मराठीत दोन निराळे शब्द आहेत, एक गुरूंविषयीचा आणि दुसरा स्वयंपाक्यांविषयीचा, आणि त्यांतील भेद केवळ रफार की अर्धा र एवढ्यावर उभा आहे. अर्ध्या ‘र’ साठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह वापरण्याची तरतूद आहे. ती फॉन्टने, मांडणीच्या लायब्ररीने आणि कळफलकाने तिघांनीही पाळली तरच ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांना’ हे शब्द नीट उमटतात. तीच गोष्ट मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ ची. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ही वळणे आहेत आणि अनेक फॉन्टांत हिंदी व मराठी अशी दोन्ही रूपे असतात, पण मजकूर मराठी आहे हे लायब्ररीला सांगितले तरच ती मराठी रूप निवडते. बंदिस्त यंत्रणेत नेताना भाषेची ही खूण वाटेत गळते आणि गळल्याचे कोणालाही कळत नाही, कारण पडद्यावर देवनागरी तर दिसतच असते.

आयसीयू या लायब्ररीची हकीकत आणखी बोलकी आहे. क्रमवारी, तारखा, अंक, शब्दांच्या सीमा यांविषयीचे जगातील शेकडो भाषांचे नियम तिच्याबरोबरच्या माहितीसंचात असतात, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत हा संच पंचवीस मेगाबाइटांच्या पुढे जातो. ज्याला वजन उतरवायचे आहे तो साहजिकच इकडे पाहतो. नोड डॉट जेएस या सर्व्हरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या रनटाइममध्ये ऑक्टोबर २०१९ मधील तेराव्या आवृत्तीपर्यंत मूळ बांधणीत केवळ इंग्रजीचा माहितीसंच दिलेला असे. इतर भाषा हव्या असतील त्याने त्या वेगळ्या आणाव्यात अशी व्यवस्था होती. अशा ठिकाणी मराठी क्रमवारी मागितली तर चूक झाल्याचा संदेश येत नाही. लायब्ररी मुकाट्याने सर्वसाधारण क्रमाकडे वळते. मराठी कोशांत ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही अक्षरे ‘ह’ नंतर येतात. सर्वसाधारण क्रमात ‘ळ’ जातो ‘ल’ च्या शेजारी आणि ‘क्ष’ मिसळतो ‘क’ मध्ये. हजारो नावांच्या यादीत क्षीरसागर हे आडनाव शोधणाऱ्याला ते जिथे अपेक्षित आहे तिथे मिळत नाही, आणि ते यादीतच नाही असे समजून तो परत फिरतो.

टेसरॅक्ट ही छापील मजकूर ओळखणारी लायब्ररी तर जन्मापासूनच स्थलांतरित आहे. १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळांत, मुख्यतः ब्रिस्टल येथे, म्हणजे ट्रान्स्प्युटरच्याच गावी, ती घडली. १९९६ मध्ये विंडोजवर नेली गेली, १९९८ मध्ये सी मधून काही अंशी सी प्लस प्लस मध्ये आली, २००५ साली मुक्त झाली, आणि आज वेबअसेंब्लीच्या रूपात ब्राउझरातही चालते. मराठीसाठी तिचा प्रशिक्षित माहितीसंच उपलब्ध आहे. त्याची एक अचूक पण जड आवृत्ती आहे आणि दुसरी दशांश संख्यांऐवजी पूर्णांक वापरणारी, हलकी आणि वेगवान. ब्राउझरात साहजिकच दुसरी निवडली जाते आणि अचूकता थोडी घटते. तरीही या स्थलांतराचे मोल मोठे आहे. जुना दस्तऐवज, खरेदीखत किंवा न्यायालयीन कागद कोणत्याही परक्या सर्व्हरवर न पाठवता, वाचणाऱ्याच्याच संगणकावर, काहीही न बसवता, मजकुरात उतरवता येतो, ही सोय बंदिस्त यंत्रणेनेच दिली आहे. बंदिस्तपणाचा लाभ कोडच्या मालकापेक्षा कागदाच्या मालकाला होतो, हे या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

स्वस्त फोनांची गोष्ट थोडक्यात सांगावी लागेल. २०१७ साली आलेला जिओफोन ५१२ मेगाबाइट स्मृतीचा होता आणि त्यावरची कायओएस ही यंत्रणा फायरफॉक्सच्या अठ्ठेचाळिसाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर उभी होती. फायरफॉक्समध्ये वेबअसेंब्ली आली बावन्नाव्या आवृत्तीत. त्यामुळे जगभर वेबअसेंब्ली रूढ होत असतानाच भारतातील खेडोपाडीच्या फोनवर संकलित लायब्ररी न्यायची तर मागच्या पिढीतील एएसएम-जेएसचाच मार्ग उरत होता. नवे मानक जाहीर होणे आणि ते शेवटच्या वापरकर्त्याच्या हातात पडणे यांत कित्येक वर्षांचे अंतर असते. पोर्टिंग करणाऱ्याने योजना आखायची ती या अंतराच्या हिशेबाने.

नागपूरला या कामात एक स्वाभाविक जागा आहे. १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषकांच्या राज्याची राजधानी होते, आणि आजही येथील विद्यार्थी दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने वाचतो. एकाच लिपीत हिंदीला काय पुरते आणि मराठीला काय पुरत नाही, हे त्याच्याइतके चटकन कोणाला दिसणार? शहरात व्हीएनआयटीसह अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि मिहान या उद्योगक्षेत्रात व परिसरात मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या काम करतात. येथे नेमके काय करण्याजोगे आहे हेही स्पष्ट आहे. हार्फबझ, आयसीयू, टेसरॅक्ट या लायब्रऱ्या मुक्त आहेत. त्यांच्या चाचण्यांत कोणीही भर घालू शकतो. एखाद्या नव्या यंत्रणेवर यांपैकी एखादी लायब्ररी नेली गेली की अर्धा र, मराठी वळणाचे ल व श, ‘ह’ नंतरचा ‘ळ’ आणि देवनागरी अंक एवढ्या चार गोष्टी तपासणाऱ्या छोट्या चाचण्या तिच्यासोबत असतील, तर वजन उतरवताना मराठी गळाली हे गळाल्याच्या दिवशीच कळेल. अंतिम वर्षाचा प्रकल्प निवडणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी पुढील पाने वाचताना हे काम डोळ्यांपुढे ठेवावे. त्यासाठी एक साधा संगणक, एमस्क्रिप्टेनची मोफत मिळणारी प्रत आणि चांगली मराठी येणारा माणूस एवढे पुरते.